पत्र आधी आलं म्हणून

अमेरिकेत बारावीचं वर्ष सुरू होऊन जेमतेम महिना झालेला असतो. वर्गातली बाकीची मुलं कॉलेजच्या अर्जाचे निबंध पुन्हा पुन्हा लिहीत बसलेली असतात, आणि एखाद्या मुलाच्या हातात वेस्ट पॉइंटचं किंवा अ‍ॅनापोलिसचं पत्र पडतं. घरात पेढे येतात, पुण्याला आजीला फोन जातो, आणि रात्रीपर्यंत महाराष्ट्र मंडळात बातमी पसरते की पोराला मिलिटरी अकादमीत अ‍ॅडमिशन मिळाली. खरं तर ती अजून मिळालेली नसते. त्या पत्राचं नाव ‘लेटर ऑफ अ‍ॅश्युरन्स’, बोलण्यात एलओए. अकादमी त्यात एवढंच म्हणते, की आमच्या बाजूने आमचं ठरलं आहे. उरलेल्या अटी पुऱ्या करा, जागा तुमची. साखरपुडा आणि लग्न यांत जेवढं अंतर असतं तेवढं इथेही असतं, आणि ते कापायला पुढचे सहा-सात महिने लागतात.

उरलेल्या अटी म्हणजे नामांकन, वैद्यकीय पात्रता, शारीरिक चाचणी आणि शाळेतली कामगिरी शेवटपर्यंत टिकवणं. यांतलं नामांकन राजकीय प्रतिनिधींच्या कचेरीतून येतं. वैद्यकीय निकाल संरक्षण खात्याच्या वेगळ्या मंडळाकडून येतो. म्हणजे पत्र अकादमीने दिलं, तरी जागा पक्की व्हायला जे लागतं त्यातलं बरंचसं अकादमीच्या कुंपणाबाहेर घडतं. पत्राला किती वजन द्यायचं याचा हिशेब इथून सुरू करावा.

पदवीचं शिक्षण देऊन अधिकारी घडवणाऱ्या अशा संस्था पाच. वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी १८०२ सालची, अ‍ॅनापोलिसची नौदलाची १८४५ची, कोलोरॅडो स्प्रिंग्जची हवाई दलाची १९५४ची. न्यू लंडनला कोस्ट गार्डची आहे आणि किंग्ज पॉइंटला मर्चंट मरीनची, म्हणजे व्यापारी जहाजांसाठीची. आपल्या लोकांना ही नावं बहुधा अंतराळवीरांमुळे ठाऊक असतात: सुनीता विल्यम्स १९८७ साली अ‍ॅनापोलिसमधून बाहेर पडल्या, राजा चारी १९९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्जमधून. या संस्था पत्रं लवकर का पाठवतात, याचं कारण साधं आहे. ज्या मुलाला त्या हव्याशा वाटतात, तोच मुलगा मोठमोठ्या विद्यापीठांनाही हवा असतो. तिथे डिसेंबरात निकाल लागतात आणि अकादमीची बरीचशी यादी एप्रिलपर्यंत हलत राहते. तोवर मुलगा हातचा जाऊ नये म्हणून आधी शब्द दिला जातो. हे पत्र न आलेल्यांनी खचून जाऊ नये. पुढे प्रवेश मिळणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते आलेलंच नसतं.

नामांकनाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण पत्र हातात असलेली मुलं सर्वांत जास्त इथेच गाफील राहतात. कोस्ट गार्ड सोडून बाकी चारही अकादम्यांना नामांकन लागतं. ते मागायची दारं ठरलेली आहेत: आपल्या मतदारसंघाचे काँग्रेसमधले प्रतिनिधी, राज्याचे दोन्ही सिनेटर आणि, किंग्ज पॉइंट सोडून बाकी ठिकाणी, उपराष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्षांचं नामांकन सैन्यात दीर्घ सेवा केलेल्यांच्या मुलांसाठी असतं, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेक घरांना ते लागू होत नाही. प्रत्येक प्रतिनिधीच्या खात्यावर वेस्ट पॉइंट, अ‍ॅनापोलिस आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज अशा प्रत्येक ठिकाणी एका वेळी पाचच विद्यार्थी असू शकतात. म्हणजे दर वर्षी साधारण एक जागा रिकामी होते, आणि त्या जागेसाठी ते अनेक नावांची यादी पाठवतात. काही कचेऱ्या यादीतल्या एकाला पहिल्या पसंतीचा ठरवतात. तो सर्व बाजूंनी पात्र निघाला तर जागा त्याची. बऱ्याच कचेऱ्या क्रम न लावता यादी देतात आणि निवड अकादमीवर सोडतात. एलओए असलेल्या मुलाचा फायदा असा, की त्याला यादीत पहिलं यावं लागत नाही. नुसतं नाव असलं तरी सहसा काम होतं, कारण अकादमी त्याची जागा दुसऱ्या खात्यातून भागवू शकते. पण नाव यादीत हवंच.

हे नाव निसटतं कसं? पहिला प्रकार मुदतीचा. प्रत्येक कचेरीची मुदत वेगळी. कुणाची सप्टेंबरात, कुणाची नोव्हेंबरात. पत्र आलं म्हणून सिनेटरचा अर्ज अर्धवट राहतो, आणि मग सगळा भार एका प्रतिनिधीच्या कचेरीवर येतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो प्रामाणिकपणे फॉर्म भरताना होतो. नामांकन ठरावीक अकादमीसाठी असतं. फॉर्मवर पसंतीक्रम विचारतात. मुलाने उन्हाळ्यात वेस्ट पॉइंट पहिलं लिहिलेलं असतं, ऑक्टोबरात पत्र अ‍ॅनापोलिसचं येतं, आणि डिसेंबरात कचेरी त्याला वेस्ट पॉइंटचं नामांकन देते. अ‍ॅनापोलिसचं पत्र तसंच ठेवून द्यायची पाळी येते. म्हणून पत्र आल्याच्या आठवड्यातच त्याची प्रत ज्या ज्या कचेरीत अर्ज केला आहे तिथे पाठवावी, आणि पसंतीक्रम बदलायचा असेल तर तसं स्पष्ट लिहावं. काही राज्यांत सिनेटर आणि प्रतिनिधींच्या कचेऱ्या आपसात बोलतात, म्हणजे एकाच मुलाकडे दोन-तीन नामांकनं जाऊन दुसऱ्याचं हुकू नये. त्यांना तुमची परिस्थिती माहीत असेल तर त्या नीट वाटणी करतात. अकादमीच्या सुपरिंटेंडंटकडे, म्हणजे प्रमुखाकडे, थोडी स्वतःची नामांकनं असतात. ती आपल्यासाठी राखून ठेवली आहेत असं समजून कुणीही चालू नये.

मुलाखतीच्या मंडळात बहुतेकदा निवृत्त अधिकारी आणि माजी सैनिक बसतात. पत्र मिळालेला मुलगा तिथे खात्रीचा सूर लावून बोलला, की त्यांना तो लगेच जाणवतो. ‘यंदा नाही जमलं तर काय करशील?’ हा प्रश्न जवळजवळ ठरलेला आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन, तोवर आरओटीसी (साध्या विद्यापीठात शिकता शिकता अधिकारी होण्याचं प्रशिक्षण) करीन, असं ज्याने खरोखर ठरवलेलं असतं त्याला उत्तर शोधावं लागत नाही. आणखी एक. अकादमीचा माणूसही मुलाशी बोलतो, कधी घरी येऊन. नौदलाकडून ‘ब्लू अँड गोल्ड ऑफिसर’, हवाई दलाकडून ‘अ‍ॅडमिशन्स लिएझन ऑफिसर’. आपल्या घरांत अशा वेळी बाबा बोलायला लागतात आणि आई मुलाची बक्षिसं सांगते. प्रेमापोटी होतं, पण त्याने नुकसान होतं. चहा द्यावा आणि आतल्या खोलीत जावं.

वैद्यकीय तपासणीचं मंडळ म्हणजे डॉडमर्ब. अकादमीने नाव कळवलं की मुलाला ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे दोन तपासण्या कराव्या लागतात, एक सर्वसाधारण आणि एक डोळ्यांची. खर्च सरकारचा. निकाल पात्र, अपात्र, किंवा ‘आणखी माहिती पाठवा’ अशा तीनांपैकी एक येतो. ‘अपात्र’ शब्द वाचून घरात सुतकी वातावरण होतं, पण तो शेवट नसतो. मंडळ फक्त नियमाला धरून शेरा देतं. त्या शेऱ्याला सूट द्यायची की नाही ते अकादमी ठरवते. सूट मुलाने मागायची नसते. अकादमीला तो हवा असेल तर ती स्वतः प्रकरण पुढे नेते, आणि एलओएचा खरा उपयोग इथे दिसतो: अकादमीचं मन आधीच ठरलेलं असल्यामुळे ती कागद वाचायची तसदी घेते. तपासणी एकच आणि सर्व अकादम्यांना व आरओटीसीला चालते. सूट मात्र ज्याची त्याची वेगळी. आर्मीने दिली म्हणून नौदल देईलच असं नाही. रंग ओळखण्याच्या बाबतीत तर नौदल आणि कोस्ट गार्ड आर्मीपेक्षा कडक आहेत.

अडकतात त्या गोष्टी तशा ठरलेल्या. वयाच्या तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचं निदान किंवा त्याचे उपचार. चष्म्याचा नंबर उणे किंवा अधिक ८ च्या पलीकडे. शेंगदाणा किंवा अन्य पदार्थाने अंगभर आलेली अ‍ॅलर्जी. एकाग्रतेच्या त्रासावर अलीकडे घेतलेली औषधं. यांतला दमा फसवा. खोकला हटेना म्हणून डॉक्टरांनी दोन आठवड्यांचा इन्हेलर दिला आणि विमा कंपनीसाठी कागदावर ‘अस्थमा’ लिहिलं, एवढ्या एका ओळीने चौदा-पंधराव्या वर्षीचा तो खोकला सतराव्या वर्षी समोर उभा राहतो. यावर उपाय लपवणं हा नाही. लपवलेलं पुढे सापडलं तर प्रश्न फुफ्फुसाचा राहत नाही, सचोटीचा होतो, आणि त्याला सूट नसते. उपाय म्हणजे कागद. त्या वेळच्या नोंदी, आताची श्वासाची चाचणी, तज्ज्ञाचं पत्र. सुट्टीत नाशिकला किंवा सांगलीला गेलेलं असताना उपचार झाले असतील तर तिथल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारीख-सहीनिशी नोंद वेळेत मागवून ठेवावी; मंडळाने मागितल्यावर धावाधाव करण्यात महिना जातो. डोळ्यांची लेसर शस्त्रक्रिया करून घ्यायचा बेत असेल तर आधी अकादमीला विचारावं. शस्त्रक्रियेनंतर १८० दिवस जावे लागतात, आणि नंबर मोजताना शस्त्रक्रियेआधीचाच धरतात.

शारीरिक चाचणीचं गणित सोपं आहे आणि तरी मुलं तिथे घसरतात. गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकणं, पुल-अप्स, ४० यार्डांची शटल रन, एका मिनिटाचे सिट-अप्स, एका मिनिटाचे पुश-अप्स, आणि मग एक मैल धावणं. हे सगळं याच क्रमाने, एका बैठकीत. रोज सकाळी ताज्या पायांनी मैल धावणाऱ्या मुलाला पाच प्रकारांनंतरचा मैल वेगळाच लागतो. सराव क्रमानेच करावा. आणि चेंडू फेकणं हे ताकदीपेक्षा तंत्राचं काम आहे. दोन आठवडे रोज वीस वेळा फेकला तरी फरक पडतो.

आता आपल्या घरांपुरता एक मुद्दा, जो अर्जाच्या आधीच बघायला हवा. प्रवेशाच्या दिवशी मुलगा अमेरिकन नागरिक असावा लागतो. ग्रीन कार्ड चालत नाही. इथे जन्मलेल्या मुलाचा प्रश्न नाही, आईवडील अजून एच-वन-बीवर असले तरी. पण तीन वर्षांचा असताना ठाण्याहून आलेला थोरला आणि इथे जन्मलेली धाकटी, अशी घरं पुष्कळ आहेत, आणि तिथे एकाच छताखाली दोन नियम लागतात. ग्रीन कार्ड असलेलं मूल अठराच्या आत असताना, ज्या पालकांबरोबर ते राहतं त्यांच्यापैकी एक नागरिक झाला तर मूल आपोआप नागरिक होतं. मग त्याचा पुरावा म्हणून पासपोर्ट काढून ठेवावा. दुसरी बाजू भारताची. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला भारत ओसीआय कार्ड देत नाही. ज्याच्याकडे ते आधीपासून आहे त्याने भारतीय वकिलातीकडून लेखी उत्तर घेऊन ठेवावं. पुढे सुरक्षाविषयक चौकशीच्या फॉर्ममध्ये परदेशातल्या जवळच्या संपर्कांची माहितीही द्यावी लागते. आजी-आजोबा, काका, मावशी भारतात असणं हा दोष नाही. त्यांच्याबद्दल अर्धवट लिहिणं हा दोष होतो.

मग उरतो तो खरा तोलायचा भाग. एलओए असो वा नसो, सगळ्यांत मोठी गफलत नागरी कॉलेजांच्या ‘अर्ली डिसिजन’मुळे होते. त्याची मुदत १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यात, आणि सही करताना मूल, पालक व शाळेचा समुपदेशक असे तिघेही कबूल करतात की प्रवेश मिळाला तर बाकीचे सर्व अर्ज मागे घेऊ. ज्याला मनापासून अकादमी हवी आहे त्याने ही सही करूच नये. डिसेंबरात ते कॉलेज मिळालं, तर नामांकनाची मुलाखत दिलेली, तपासणी झालेली, आणि शब्दाला जागून सगळं सोडून द्यायचं. ‘अर्ली अ‍ॅक्शन’ची गोष्ट वेगळी; ते बांधून घेत नाही, निकाल लवकर देतं आणि उत्तर द्यायला १ मेपर्यंत वेळ देतं. काही विद्यापीठांची ‘अर्ली अ‍ॅक्शन’ बंधनकारक नसली तरी एकाच ठिकाणी लवकर अर्ज करा असं सांगते. सरकारी संस्थांना अनेकदा तिथे सूट असते, पण त्या त्या विद्यापीठाचा नियम शब्दशः वाचावा. कोस्ट गार्ड अकादमीची लवकरची मुदत १५ ऑक्टोबर आणि तीही बांधून घेणारी नाही. नामांकनाची भानगड नसल्यामुळे तिथला अर्ज करून ठेवणं शहाणपणाचं आहे, पण ज्याला समुद्र आणि बचावकार्य यांत रस नाही त्याने नुसती जागा हाताशी असावी म्हणून करू नये. तिथल्या हजारेक विद्यार्थ्यांत उदास मनाने आलेला एकही लपत नाही.

एका अकादमीचं पत्र ऑक्टोबरात आलं आणि दुसरीचं फेब्रुवारीत, तर पहिलीकडे मन झुकतं. आधी आलेलं पत्र आपलंसं वाटायला लागतं, भिंतीवर झेंडा लागतो, आणि मुलगा हवाई दल हवं होतं हे हळूहळू बोलेनासा होतो. पण पत्र कधी आलं हे त्या कचेरीत फाइल कधी वाचली गेली यावर अवलंबून असतं. आपण ज्या कामाला जोडले जाणार आहोत त्याच्याशी त्या तारखेचा काहीही संबंध नाही. तोलायचं ते काम. चार वर्षांनंतर किमान पाच वर्षं पूर्णवेळ सेवा, आणि ती धरून एकूण आठ वर्षांची बांधिलकी. वैमानिक व्हायचं असेल तर हवाई दलात प्रशिक्षण संपल्यानंतर दहा वर्षं. म्हणजे आज सतरा वर्षांची असलेली मुलगी मोकळी होईल तेव्हा तेहतीस-चौतीस वर्षांची असेल. किंग्ज पॉइंटचा मार्ग निराळा आहे: शिकताना प्रत्यक्ष व्यापारी जहाजांवर जावं लागतं, नंतर सागरी उद्योगात पाच वर्षं काम करून जोडीला आठ वर्षं राखीव दलात राहता येतं, किंवा पूर्णवेळ सैन्यात जाता येतं. त्यामुळे ‘कुठली अकादमी मोठी’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. पंचविसाव्या वर्षी मंगळवारी सकाळी तू काय करत असलेलं तुला आवडेल, पलटणीबरोबर चिखलात, जहाज जिथून हाकतात त्या ब्रिजवर, पाणबुडीत, की विमानाच्या दुरुस्तीच्या हँगरमध्ये, हा प्रश्न मुलाला शांतपणे विचारावा. उत्तर यायला वेळ लागला तरी चालेल.

आपल्याकडे दोन युक्तिवाद वारंवार ऐकू येतात आणि दोन्ही मला धोक्याचे वाटतात. पहिला, शिक्षण फुकट आहे. आहे, कॉलेजची फी नाही, राहण्या-जेवण्याचा खर्च नाही, वेस्ट पॉइंट वगैरे ठिकाणी महिन्याला थोडा पगारही मिळतो. पण तिसरं वर्ष सुरू होईपर्यंतच विनाबंधन बाहेर पडता येतं. त्यानंतर सोडलं तर सैनिक म्हणून सेवा करावी लागू शकते किंवा सरकारी खर्च परत करावा लागू शकतो. दुसरा युक्तिवाद, तिथूनही डॉक्टर होता येतं. वेस्ट पॉइंटमधून वर्गातल्या साधारण दोन टक्के विद्यार्थ्यांनाच थेट वैद्यकीय शिक्षणाला जाऊ देतात. ज्या मुलीला आधी डॉक्टरच व्हायचं आहे, तिच्यासाठी हा दरवाजा फार अरुंद आहे, आणि तिला हे आताच सांगणं हे तिच्यावरच्या मायेचंच काम आहे.

आरओटीसीकडे आपली मंडळी दुय्यम म्हणून बघतात, ते योग्य नाही. साध्या विद्यापीठात शिकून, शिष्यवृत्ती घेऊन, त्याच दर्जाचा अधिकारी होता येतं. पहिल्या वर्षात मन बदललं तर बांधिलकी लागत नाही. अकादमीच्या अर्जासाठी केलेली तपासणी इथे उपयोगी पडते. एलओए हातात असतानाही हा अर्ज पुरा करावा, कारण वैद्यकीय सूट मिळण्याचं प्रकरण एप्रिलपर्यंत, कधी मेपर्यंत लोंबकळतं.

१ मे ही तारीख त्यामुळे जड जाते. नागरी कॉलेजला त्या दिवशी अनामत भरायची असते, आणि अकादमीचा वैद्यकीय निकाल अजून आलेला नसतो. अशा वेळी अनामत भरावी आणि ती बुडाली तर बुडू द्यावी. त्या कॉलेजला मात्र खरी परिस्थिती कळवून ठेवावी. अकादमीचं पक्कं नेमणूकपत्र आल्यावरही शपथेच्या दिवसापर्यंत काही गोष्टी उलटू शकतात. मे महिन्यातल्या फुटबॉलच्या सामन्यात गुडघ्याचं लिगामेंट तुटणं ही त्यांतली नेहमीची. दुसरी, शेवटच्या सत्रात अभ्यास सोडून देणं; अंतिम गुणपत्रिका मागवली जाते आणि वाचली जाते. तिसरी, गांजा. राज्याच्या कायद्याने चालत असला तरी अकादमीत तो चालत नाही, आणि पोहोचल्यावर चाचणी होते.

आणि जेव्हा एक जागा स्वीकारायचं खरोखर ठरेल, त्या दिवशी बाकीच्या अकादम्यांना, आरओटीसीला आणि नामांकन देणाऱ्या प्रत्येक कचेरीला मुलाने स्वतः नकाराचं पत्र पाठवावं, १ मेची वाट न पाहता. दोन ओळी पुरतात: नामांकनाबद्दल आभार, आणि मी अमुक ठिकाणी जातो आहे. प्रतिनिधीच्या यादीतला दुसरा मुलगा, ज्याची तपासणी, नामांकन, चाचणी सगळं पूर्ण आहे आणि फक्त जागा नाही, त्याच्यापर्यंत ती जागा एप्रिलच्या मध्यात पोहोचली तर त्यालाही कुठे अनामत भरायची ते वेळेवर ठरवता येतं.